हागारेला काय केलं

चर्चचे पाळक नाथाजी यांना हिब्रू येत होतं, आणि आष्ट्याच्या पंचक्रोशीत ते दुसऱ्या कुणालाही येत नव्हतं. याचा त्यांना भलता अभिमान. खेड्यातल्या माणसांना कळेल अशा मराठीत ते बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक हिब्रूतून आणत होते, आणि शब्द अडला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. आत बनुबाई असायची. पाटणकडची, नवऱ्यानं टाकलेली, अक्षराची ओळख नाही. अकरा वर्षं त्यांच्या घरी राबत होती.

१९७८च्या मार्चात गाडी हागारेवर आली. दासी हागार गरोदर राहिली, तेव्हा मालकीण सारायनं तिला काय केलं?

"हिब्रूत 'इन्ना' आहे," पाळक म्हणाले. "माणसाला इतकं दाबायचं, की त्यानं मान वर करू नये. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या लोकांनी इस्राएलांना विटा थापायला लावल्या, तिथंही हेच क्रियापद. तुमच्याकडे काय म्हणतात?"

तांदूळ निवडता निवडता बनुबाईनं मनगटावर पदर ओढला. "गांजलं म्हणत्यात. सासू सुनंला गांजती तसं."

पाळक खूश झाले, शब्द वहीत टिपला. पण आतल्या खोलीत त्यांची बायको विजयमालाबाई ऐकत होत्या. दुपारी त्यांनी तापलेलं उलथनं बनुबाईच्या दंडावर टेकवलं. "आता सांग साहेबांना, तुला कोण गांजतं ते." पाळक पलीकडच्याच खोलीत होते. त्यांनी दार लोटून घेतलं. एवढं हिब्रू शिकलेल्या माणसाला बाईची किंकाळी समजली नसेल, असं काही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी बनुबाई एस.टी.नं तासगावला गेली. तिची भाची अंजना बेदाण्याच्या शेडवर कामाला होती. तिनं मावशीलाही बेदाणे निवडायला बसवलं. पाच दिवस कुणी अंगावर ओरडलं नाही. बनुबाई पोटभर जेवली, एकदा-दोनदा हसलीसुद्धा.

सहाव्या दिवशी पाळक वही घेऊन हजर. घरात जेवणाचे हाल चालले होते. शेडच्या सावलीत उभं राहून त्यांनी वचन वाचलं. पळून गेलेल्या हागारेला देवदूत म्हणतो, आपल्या धनिणीकडे परत जा, तिच्या हाताखाली नम्र हो.

बनुबाई देवाला फार मानायची. तिनं विचारलं, "हितं हिब्रूत कंचा सबूद हाय?"

खोटं बोलता आलं असतं, पण विद्येचा ताठा आडवा आला. "तोच. रूप जरा वेगळं, क्रियापद तेच."

"म्हंजी जा आनि गांजून घे, असं देवानं सांगितलं."

"तसं लिहिलं तर लोकांना देव निर्दय वाटेल, बनुबाई."

"वाटू दे की. देव म्हनतोय तर मी येते. पर हागारेला कशात धाडली, ते लोकांस्नी कळू द्या. माज्यासमोर लिवा, मंगच उठते."

"मावशे, जाऊ नगंस," अंजना म्हणाली. मावशीनं ऐकलं नाही.

पाळकांनी पेन काढलं, आधीचं खोडलं, वर दोन शब्द लिहिले आणि वही तिच्यापुढं धरली. ती त्या ओल्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. आपलं सोसणं जसंच्या तसं कागदावर उतरलं, याचं तिला फार समाधान वाटलं. मग तिनं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या गाडीनं पाळकांच्या मागोमाग आष्ट्याला उतरली.

पाळकांनी लिहिलं होतं, 'लीन हो'.