समुद्रातली तार आणि माझी बत्तीशी

माणसाची फजिती व्हावी, पण निदान गावाला शोभेल अशी तरी व्हावी. नागपूरच्या माणसाची समुद्रानं फजिती केली, हे कोणाला पटेल का? माझी केली. चहा घ्या आणि ऐका.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नंदनवनला राहायचो, शाळेत भूगोल शिकवायचो आणि माझं लग्न जमत नव्हतं. कारण एकच, माझं तोंड. कामठीच्या एका घरी मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या वडिलांना मोसमी वारे समजावून देत बसलो. मुलगी आत जाऊन झोपली म्हणे.

मग एक शिकलेल्या घरचं स्थळ आलं. मुलगी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. तिच्या वडिलांचा निरोप आला, "घरी पोरगी दाखवायची पद्धत आम्हाले पटत नाही. बाहेरच भेटू." बाहेर म्हणजे कुठे? मुलीच्या मामांच्या संग्रहालयात. हे मामा समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या एका जहाजावर नोकरीला होते. निवृत्त होऊन आले ते तारांचे तुकडे, टकटक करणारी यंत्रं आणि नकाशे घेऊनच. सीताबर्डीवर दोन खोल्या घेतल्या आणि समुद्राखालच्या तारायंत्राचं संग्रहालय मांडलं. जिथं लोक समुद्र म्हणून अंबाझरी तलाव दाखवतात, त्या गावात.

निघताना आई म्हणाली, "तिथं कमी बोलजो गा. हे स्थळ गेलं तर मी तुले आता कुठं घेऊन फिरू?"

बस उशिरा आली. पोचलो तेव्हा भर दुपार आणि पोटात कावळे. मामा भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत होते. मुलगी आणि तिचे वडील खुर्च्यांवर बसले होते. मधल्या टेबलावर चहाचे कप, आणि शेजारी एका बशीत तपकिरी, चकचकीत तुकडे.

"या गुरुजी, जय भीम. घ्या न," मुलीचे वडील म्हणाले.

त्यांचा हात चहाकडे होता. माझं लक्ष बशीकडे. मला ती गुळपट्टी वाटली. एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

गोड नाही, खारट नाही. चपलेच्या तळव्याला चव असती, तर तीच. आता थुंकणार कुठं? समोर मुलगी. म्हटलं, चहाबरोबर गिळून टाकू. गरम चहाचा मोठा घोट घेतला, आणि तो पदार्थ एकदम मऊ होऊन सगळ्या दाढांवर पसरला. जबडा उघडायला गेलो, तर वरचे दात खालच्या दातांना सोडेनात. मी घाबरून माठाकडे बोट केलं. मुलीनं उठून थंडगार पाणी आणून दिलं. दातांच्या फटीतून मी ते ओढून घेतलं.

तेवढ्यात मामा नकाशाकडून वळले. "तर गुरुजी, सारी गंमत आहे या चिकाची. मलायाकडचं झाड आहे. चीक गरम केला का मऊ होते, मंग तारेवर लिंपून घ्या. अन् समुद्राच्या तळाशी थंड पाणी लागलं का दगड. थेंबभर पाणी आत जात नाही."

हे त्यांना एक मिनिट आधी सांगता येत नव्हतं?

"अरे," मामा बशीकडे पाहून म्हणाले, "यातला एक तुकडा कुठं गेला?"

सगळे टेबलाखाली शोधायला लागले. मीही वाकलो. तोंड लपवायला तेवढीच जागा होती.

"मांजर आली होती, मामा," मुलगी म्हणाली. "तिनंच नेला असन."

मग वडिलांनी मुद्द्याला हात घातला. "आमची पोरगी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. चालन?"

एरवी या प्रश्नावर मी तासभर बोललो असतो. मान हलवली.

"तिची बदली झाली तर?"

मान हलवली.

"अन् सकाळची ड्युटी राहिली तर चहा, केरवारा तुम्ही करान?"

हलवली. काय करणार? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायला तोंड लागतं.

वडील मामांच्या कानाशी म्हणाले, "पोरगा मोठा गंभीर आहे गा. ऐकून घेऊन राहिला."

निघताना मी नुसते हात जोडले. घरी आईनं ऊन पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, तेव्हा कुठं जबडा सुटला. पहिला अर्धा तास मी बोलतच होतो. चौथ्या दिवशी होकार आला.

लग्न झालं. पुढं एका संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगून टाकलं. वाटलं, बिचारीला धक्का बसेल. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुकडा उचलला तवाच पाह्यलं मी."

"मग होकार काहून दिला?"

"बाबा तुमच्या शांत स्वभावावर खूश झाले," ती म्हणाली. "मी म्हटलं, जो माणूस समुद्रातल्या तारेचा चीक खाऊन तोंड वाकडं करत नाही, तो माझ्या हातचं काहीही खाईन."

आणि तिनं ताट पुढं केलं. भाजी वांग्याची होती, असं तिचं म्हणणं. मी मुकाट्यानं जेवलो आणि अजून थोडी मागून घेतली.