पाच बाजारांची मुदत

गोविंदशेठनी नोटिशीचा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "साहेब, हा रस्ता बंद होत नसते. लिहून ठेवा."

नगर परिषदेच्या सभागृहात त्या दिवशी साठेक दुकानदार जमले होते. गोविंदशेठ त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. बाजार रोडवर त्यांचं कापडाचं तीन मजली दुकान आहे. समोर आमच्या मुख्याधिकारी मॅडम आणि त्यांच्या बाजूला मी, बांधकाम विभागाचा ज्युनिअर इंजिनिअर. गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-आर्णीकडचं एक तालुक्याचं गाव समजा.

"लग्नसराई तोंडावर आली," शेठ म्हणाले. "अन् तुमी म्हनता सव्वा महिना गाडी येनार नाई. गिऱ्हाईक काय उडत येईन?"

मागून कोणी तरी बोललं, "इंजिनिअर साहेबाले दुकानात बसवा महिनाभर. मंग समजन."

सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी दुसरं काय करायचं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

रस्ता बस स्टँडपासून बाजार चौकापर्यंत, जेमतेम चारशे मीटरचा. त्याचं डांबर दर पावसाळ्यात उखडायचं, म्हणून काँक्रीट मंजूर झालं होतं. लोकांना वाटतं, काँक्रीट वाळलं की काम झालं. खरं तर ते वाळू द्यायचंच नसतं. टाकल्यावर त्यावर मातीचे लहान बांध घालायचे आणि शेतातल्या वाफ्यासारखं पाणी भरून ठेवायचं. याला क्युअरिंग म्हणतात. काँक्रीटची ताकद भरायला अठ्ठावीस दिवस धरतात. त्याच्या आत जड गाडी गेली तर वरून काही दिसत नाही. आत बारीक तडे जातात, दोन वर्षांनी रस्ता फुटतो, आणि इंजिनिअरनं सिमेंट खाल्लं असं लोक म्हणतात.

हे सगळं मी सभेत सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग अर्धा-अर्धा करा."

"अर्धा-अर्धा केला तर अठ्ठावीस दिवस दोनदा लागतील."

त्यावर दुकानदार आपसात बोलू लागले आणि सभा तशीच उठली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजार बंद ठेवला. रस्ता बंद होऊ नये म्हणून दोन दिवस दुकानं बंद. जेसीबीच्या पुढे मंडप टाकला, निवेदन दिलं. निवेदनावर शंभराच्या वर सह्या होत्या. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पाच जणांना केबिनमध्ये बोलावलं आणि एकदाचं ठरलं. रस्ता एकदमच बंद करायचा, ठेकेदारानं काँक्रीट एका आठवड्यात टाकून द्यायचं, आणि चौकातलं जीप स्टँड पहिल्या दिवसापासून गावाबाहेर नाक्यावर न्यायचं.

या शेवटच्या कलमावर कोणी वाद घातला नाही. जीपवाले त्या केबिनमध्ये नव्हतेच. त्यांना बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

चौकाच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली काळी-पिवळी जीप लागायच्या. आजूबाजूच्या खेड्यांना आणि तांड्यांना जाणाऱ्या. जीप घड्याळावर सुटत नाही, सीट भरल्या की सुटते. तोवर माणसं थांबतात. त्या थांबण्यावर कमलाबाईंचा ठेला चालायचा. आलूबोंडा आणि चहा. तीस वर्षांची जागा.

मी स्वतः तांड्यावरचा. वडिलांना सहीपुरतीच अक्षरं येत. अकरावी-बारावी मी याच गावात शिकलो, रोज जीपनं येऊन-जाऊन. प्रॅक्टिकल लांबलं की माझी जीप निघून जायची वेळ व्हायची. तेव्हा कमलाबाई आपला बेसनाचा डबा उचलून जीपमधल्या एका सीटवर ठेवायच्या आणि सांगायच्या, "इथं माणूस बसला हाय."

जीप जब्बारभाईंची असायची. ते म्हणायचे, "मावशी, डब्याचं भाडं कोन देईन?"

"पोरगा इंजिनिअर झाला का देईन."

मी झालो. घरातला पहिला ग्रॅज्युएट. जब्बारभाईंनी तेव्हाचं भाडं कधी मागितलं नाही.

तर ठरल्याचं कळल्यावर हे दोघं माझ्या टेबलाशी आले. जब्बारभाई आता जीपवाल्यांचे म्होरके होते. कमलाबाई बसल्या नाहीत. ऑफिसात खुर्चीवर बसायचं त्यांना जमत नाही.

"नाक्यावर जातो आपन," जब्बारभाई म्हणाले. "झगडा नाई. वापस कधी याचं ते सांगा."

"आठवडाभर काम, मग अठ्ठावीस दिवस."

"दिवस नको सांगू बेटा," कमलाबाई म्हणाल्या. "बाजार सांग."

मी आठवडी बाजार बोटांवर मोजले. "पाच बाजार. सहाव्या बाजाराला तुमचा ठेला चौकात."

"मावशी, तुमी बी नाक्यावर चला ना," जब्बारभाई म्हणाले.

"तिथं तो हॉटेलवाला हाय. मी विचारून आली. माह्या दुकानापुढं धूर नको म्हनते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाच बाजार निघन. हरबरा सोंगाले जाईन तवरक."

जाताना जब्बारभाई दारात थांबले. "साहेब, हे लिहून देता का थोडं?"

मला ते थोडं लागलं. मी म्हणालो, "जब्बारभाई, मी काय बाहेरचा आहे का?"

"नाई, तसं नाई," ते म्हणाले आणि गेले.

काम चांगलं झालं. हे मी अभिमानानं सांगतो. मी सकाळ-दुपार तिथंच असायचो. खडी धुऊन घेतली, मिक्सरमध्ये पाणी मोजून टाकायला लावलं. उन्हं वाढली होती, पण टाकलेलं काँक्रीट एक दिवसही कोरडं पडू दिलं नाही. दुकानांपुढे फळ्या टाकून गिऱ्हाइकांना जायला वाट केली. एकही गाडी आत शिरली नाही.

दुसऱ्या बाजारापासून रस्त्यावरचं वातावरण बदलू लागलं. लग्नाची खरेदी करणारे लोक गाड्या बस स्टँडकडे लावून चालत येऊ लागले. हॉर्न नाही, धूर नाही. बायका निवांत दुकानं बघत फिरायच्या. दुकानदारांनी बाहेर खुर्च्या टाकल्या. गोविंदशेठनी मला बोलावून थंड मठ्ठा दिला.

"साहेब, तुमाले फालतू बोललो आपन," ते म्हणाले. "रस्ता पाहा कसा मोकळा वाटून राह्यला. सोफ्यावर बसल्यावानी."

मला बरं वाटलं. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं की शेठनी स्वतः चूक कबूल केली.

सहाव्या बाजाराच्या आदल्या दिवशी बॅरिकेड काढले, बांध फोडले, रस्ता धुतला. बाजाराच्या सकाळी दहाला जब्बारभाईंचा फोन आला.

"साहेब, पोलीसवाल्यानं रोकलं. म्हनते चौकात जीप बंद हाय."

"रस्ता सुरू झाला, सांगा त्याला."

"सांगलं ना. तो म्हनते कागद दाखव."

मी गाडी काढली. नव्या रस्त्यावरून कार जात होत्या, मोटरसायकली जात होत्या, एक ट्रॅक्टरही गेला. नाक्यावरच्या शिपायानं मला मोबाइलवर रस्ता बंद करून स्टँड नाक्यावर नेण्याच्या आमच्याच आदेशाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "सर, हा रद्द झालेला नाही. दुकानदारांनी सकाळी ठाण्यात येऊन सांगितलं."

मी तसाच मॅडमकडे गेलो. मॅडम पुण्याकडच्या, वयानं माझ्याएवढ्याच. कोणाला उगाच दुखवायच्या नाहीत. त्यांनी फाईल मागवली.

"राठोड, तुमचाच ड्राफ्ट आहे. शेवटचं कलम वाचा."

मी वाचलं. 'सदर आदेश पुढील आदेशापर्यंत अंमलात राहील.'

तारीख नव्हती. अठ्ठावीस दिवस सभेत सांगितले, टेबलाशी सांगितले, बाजारांत मोजून सांगितले. कागदावर कुठेच लिहिले नाहीत.

हे कसं झालं ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला एका वरिष्ठांनी शिकवलं होतं, जुन्या फाईलचा फॉरमॅट घ्यायचा, नावं बदलायची, बाकी काही मोडायचं नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी साधा अर्ज लिहिलेला नव्हता. ऑफिसचा फॉरमॅट म्हणजे मला फार मोठ्या माणसांनी विचार करून ठेवलेली गोष्ट वाटायची. रस्ता बंदचा आदेश मी पाइपलाइनच्या एका जुन्या फाईलवरून उतरवला. शेवटच्या ओळीला हात लावायची माझी छाती झाली नाही. खरं म्हणजे हात लावावा असं सुचलंच नाही.

रस्ता खुला करायचा वेगळा आदेश काढावा लागतो. तो मी ठेवलाच नव्हता. बॅरिकेड निघाले तशा गाड्या सुरू झाल्या आणि त्यांना कोणी अडवलं नाही. कागदावर रस्ता अजून बंद होता, आणि तो बंद फक्त जीपला लागू झाला.

"मॅडम, आत्ता ठेवतो आदेश. दहा मिनिटांत."

"रस्त्याचा ठेवा, सही करते. स्टँडचं थांबवा." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "हे काल आलंय."

व्यापारी संघटनेचं निवेदन होतं. जीप स्टँडमुळे वाहतुकीस अडथळा व अस्वच्छता होते, तरी ते नाक्यावरच कायम ठेवावे. खाली शंभराच्या वर सह्या. पहिल्या निवेदनावर होत्या त्याच, त्याच क्रमानं. पहिली गोविंदशेठची.

"मी लोकांना शब्द दिलाय, मॅडम."

"कोणत्या अधिकारात?"

त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं.

दुपारी चौकात गेलो. कमलाबाईंनी ठेला लिंबाखाली लावला होता. बाजाराचा दिवस म्हणून परात भरून आलू उकडून आणले होते. कढईत तेल तापलेलं. समोर एकही जीप नव्हती. शेठच्या दुकानातला माणूस त्यांना सांगत होता, "मावशी, नव्या रस्त्यावर तेल सांडते. हटवा हे."

त्यांनी मला पाहिलं. "बेटा, पाच बाजार झाले ना? माह्या मोजन्यात तं काही चुकलं नाई?"

"नाही मावशी. तुमचं बरोबर आहे. माझ्या कागदात राहून गेलं."

"मंग लिही ना कागदात."

"लिहितो."

त्यांनी कढईखालची आच कमी केली. पूर्ण बंद केली नाही. अजून एखादी जीप येईल असं त्यांना वाटत असावं.

मी लिहिलं. स्टँड पूर्ववत करण्याबाबत टिप्पणी ठेवली. मॅडमचा शेरा आला, 'चर्चा करावी'. चर्चेची तारीख लागायच्या आधी मॅडमची बदली झाली. नवीन साहेबांनी फाईल चाळून विचारलं, "स्टँड परत पाहिजे अशी कोणाची लेखी मागणी आहे का?"

नव्हती. मी जब्बारभाईंना गाठलं. म्हटलं, सह्या घेऊन एक निवेदन द्या, पुढचं मी बघतो.

त्यांनी मान खाली घातली. "साहेब, खरं सांगू का? आता पोरं म्हनतात इथंच बरं हाय. चौकात पोलीसवाल्याचं झंझट. इथून फेरा बी कमी पडते."

"आणि सीटवाले? त्यांना दीड किलोमीटर चालावं लागतं."

"ते चालून राह्यले ना."

मग मी बाजाराच्या दिवशी स्वतः नाक्यावर उभा राहिलो. डोक्यावर गाठोडी घेऊन लोक उतरत होते आणि सरळ चालू लागत होते. एका म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, स्टँड चौकात परत आणायचं आहे, अंगठा देता का? तो म्हणाला, "कायचा कागद हाय, कोन जाने. मी नाई देत." त्याचं बरोबर होतं. मी पुढे कोणाला विचारलं नाही.

कमलाबाईंनी आणखी तीन बाजार ठेला लावला. मग विकला. काही दिवसांनी मी साइटवरून येताना नाक्यावरच्या हॉटेलात चहाला थांबलो. काचेच्या काउंटरमध्ये आलूबोंडे होते. एक घेतला. पहिल्या घासाला चव ओळखली. आत डोकावलो तर भटारखान्यात कढईपुढे त्या बसल्या होत्या. ज्यानं आपल्या दुकानापुढे त्यांचा धूर नको म्हटलं होतं, त्याच्याच इथं, रोजीवर.

"बोंडा कसा झाला, साहेब?" त्यांनी विचारलं.

"चांगला झाला."

"हा हॉटेलवाला मीठ कमी टाकाले सांगते," त्या म्हणाल्या आणि झारा कढईत घातला.

रस्ता अजून मजबूत आहे. काम सुरू असताना काँक्रीटचे नमुने काढून लॅबला पाठवतात, त्याला क्यूब टेस्ट म्हणतात. आमचे सगळे क्यूब पास झाले. त्या कामाबद्दल नगर परिषदेनं सभेत माझा सत्कार केला. शाल गोविंदशेठच्या दुकानातली होती.

आता मी रस्ता बंद करायचा आदेश ठेवतो तेव्हा सोबत उघडायचा आदेशही ठेवतो, तारीख टाकून, आणि दोन्हीवर एकदम सही घेतो. नवीन साहेब पहिल्यांदा म्हणाले, "राठोड, काम सुरू व्हायच्या आधीच संपल्याचा कागद? असा फॉरमॅट नाही आपल्याकडे."

मी म्हणालो, "नाही, सर. माहीत आहे." आणि पेन पुढे केलं.