धाकटी बोट, थोरली बोट

आमच्या तालुक्यात शिडाची बोट असलेला मी एकटाच माणूस आहे. ती सध्या हरभऱ्यात उभी आहे.

(उभी म्हणजे कलंडलेली. पण बायकोसमोर मी 'उभी' असंच म्हणतो.)

बायको, नलिनी, कोकणातली. खाडीकाठी वाढलेली पोर लग्न होऊन माजलगावला आली. इथे पाण्याची वाट बघायची ती नळाजवळ! पण तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एसटी धरणाजवळून जायला लागली की ती बोलायची थांबायची आणि पाणी दिसेनासं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायची. पोरगी सासरी गेली, मी बँकेतून रिटायर झालो, तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "अहो, एखादी छोटी शिडाची होडी घेऊ या का? जुनी चालेल. संध्याकाळी आपण दोघंच जाऊ धरणात. सोबत कुणी नको."

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच वस्तू. मी लगेच हो म्हणालो. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

तिच्या माहेरच्या गावात एक गृहस्थ आपल्या दोन जुन्या बोटी विकायच्या म्हणत होते, एक धाकटी, एक थोरली. आता आमच्याकडची पद्धत अशी, की म्हैस घ्यायची असो की सोयरीक करायची असो, चार माणसांना दाखवल्याशिवाय होकार द्यायचा नाही. परस्पर उरकलं तर लोक जन्मभर बोलून दाखवतात. म्हणून मी थोरल्या बहिणीच्या यजमानांना, नांदूरघाटच्या दाजींना, फोन केला. दाजींची बैल पारखण्यात ख्याती. "येतो की!" म्हणाले, आणि आले ते गाडी भरून भाऊबंद घेऊन.

धाकटी बोट देखणी होती. दोघं ऐसपैस बसतील एवढी. तळातली फळी वर ओढून घेतली की उथळ पाण्यातही चालते, असं मालकांनी सांगितलं. नलिनी तिच्या काठावरून नुसता हात फिरवत होती. थोरलीचा थाट वेगळा! आत खोली, झोपायला बाकडी, चहाला शेगडी, आणि बुडाखाली पुरुषभर उंचीचं लोखंडी पातं. "हिला मात्र खोल पाणी लागतं हो," मालक म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही, कारण सगळे शेगडी बघत होते.

दाजींनी दोन्ही बोटींना फेरी मारली, बुडावर थापा मारल्या, वय विचारलं. (दात असते तर तेही बघितले असते.) मग म्हणाले, "नुसतं बघून काय कळतंय? बैल वझ्याला लावून बघावा. बसा रं समदे!"

मालक "अहो, अहो!" करेपर्यंत धाकटी खाडीत ढकलून अख्खी भावकी तिच्यात! तिने जरा वेळ तग धरला, मग काठावरून पाणी आत यायला लागलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दाजींनी निकाल दिला, "ही न्हाई टिकायची. लई नाजूक हाय."

"पण दाजी, आमी दोघंच बसणार हाय."

"दोघंच? कावून? भांडलात का काय भावकीशी?" सगळे हसले. "उद्या पाव्हणे आले, तर त्यांनी काय काठावर बसून हात हलवायचे?"

नलिनी धाकटीतलं पाणी उपसत होती. मान वर न करता म्हणाली, "मला हीच आवडलीय."

मला ते स्पष्ट ऐकू आलं. पण समोर एवढी माणसं माझ्यासाठी ओलीचिंब होऊन उभी होती! मी थोरली घेतली.

थोरली ट्रकवर बसून घाट चढली. चौसाळ्याला चहाला थांबलो, तर गर्दी जमली. एकाने डोलकाठीकडे बघत विचारलं, "इलेक्शन लागलं का बे? कोणाचा रथ हाय?"

धरणावर नारळ फोडला. भावकी चढली, भावकीची पोरं चढली, शेगडीवर चहा चढला. नलिनी डबा घेऊन काठावर उभी होती. दाजी ओरडले, "नलूबाई, तुमी पुढच्या खेपेला!" आणि मी, तिचा नवरा, शिडाची दोरी धरून मान हलवली. शिडात वारं भरलं, बोट निघाली, टाळ्या पडल्या, आणि जेमतेम हाकेच्या अंतरावर खर्र असा आवाज झाला.

"ब्रेक कुणी दाबला?" दाजींनी विचारलं.

पातं गाळात रुतलं होतं. मासे धरणाऱ्यांनी एकेकाला ट्यूबवर बसवून काठाला लावलं. पुढची खेप झालीच नाही. पाऊस रुसला, धरण आटलं, बोट होती तिथेच राहिली आणि लोकांनी तिच्या चहूबाजूंनी गाळात हरभरा पेरला. दाजी फोनवर म्हणतात, "बोट चांगलीच हाय, पाणी खराब लागलं."

नलिनी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा संध्याकाळी मात्र तिनेच चपला घातल्या. "चला, बोटीवर जाऊ." हरभऱ्यातून वाट काढत गेलो, शिडी लावली, चढलो. तिने तिरक्या बाकावर बसून सुकाणू हातात घेतलं. "शीड उघडा."

उघडलं. वारं भरलं, कापड फडफडलं, दोऱ्या ताणल्या. तिने डोळे मिटून घेतले.

"नलू," मी म्हणालो, "धाकटीच घ्यायला पाहिजे होती गं."

"गप्प बसा जरा. वारा चांगला आहे."

मी शिडाची दोरी धरून बसलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे फिरायला निघालो ते त्या दिवशी पहिल्यांदाच. अंधार पडेपर्यंत फिरलो. हललो मात्र नाही.