ईटीएफ समजावणारा मीच!

शेअर दलालाच्या ऑफिसात दोन-चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. लोक स्वतःच्या हुशारीचे सांगतात. माझ्याकडे तसला एकही नाही, भिया!

इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडल्या होत्या. हातात एकरकमी पैसा आलेली माणसं मल्हारगंजातल्या आमच्या ऑफिसात येत. तेव्हाच ईटीएफ नवीन आलं. एका युनिटमध्ये बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा, आणि ते युनिट शेअरसारखंच बाजारात घ्यायचं-विकायचं. नव्या लोकांना हे समजावायचं काम आमच्या मालकांनी, सेठजींनी, मला दिलं. कारण? मला इंग्रजी वाचता येत होतं!

*

पहिल्या आल्या साठेबाई, रिटायर्ड शिक्षिका.

"यात कंपन्या कोणत्या?"

"सगळ्या चांगल्याच, बाई!"

"पाच नावं सांग."

मी तीन सांगितली. बाईंनी पर्समधून पेपरचं कात्रण काढलं. माझ्या तीनपैकी दोन त्यात नव्हतीच!

"उद्या पाठ करून ये," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला आल्या!

*

सांवेरचे पटेलजी सोयाबीनवाले. "घेतलं तर घेतलं, पण विकायला निघालो तर घेणार कोण?"

"मार्केट!" मी ऐटीत.

पुढे मुलीच्या लग्नासाठी विकायला आले, तर दुपारपर्यंत बऱ्या भावाला घेणाराच मिळेना!

"मंडीत निदान माल विकून देणारा आढतिया चहा तरी पाजतो, भिया," पटेलजी शांतपणे म्हणाले.

मी लगेच चहा मागवला. गडबडीत पैसे त्यांनीच दिले!

*

जगतापकाका माझ्या वडिलांबरोबर मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे. मिल बंद झाल्यावर विश्वासानं माझ्याकडे आले. मी ईटीएफ समजावलं, सगळ्या कंपन्या एकदम बुडत नाहीत म्हणालो. सेठजींकडे एका छोट्या कंपनीचे शेअर पडून होते. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "इनको अपना वाला दे दो."

काकांनी सही करताना विचारलं, "तेच ना रे, सगळ्या कंपन्यांचं?"

मी म्हणालो, "हो काका."

काही महिन्यांत तो शेअर निम्म्यावर आला. काका आले ते एका मित्राला घेऊन! माझा उतरलेला चेहरा बघून मलाच धीर द्यायला लागले. "घाबरतोस काय? सगळ्या कंपन्या एकदम थोड्याच बुडतात! तूच तर बोललास. हा मिलमधला, माझ्याच खात्यातला. यालाही तेच दे."

फॉर्म काढला आणि परत ठेवून दिला. दोघांना खाली रस्त्यावर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मित्राकडे वळले.

"आता विचार याला काय विचारायचं ते. आता खरं सांगेल."