अर्ध्या गोळीचा वाटा

आमच्या घरात एकट्यानं खाणं हे चोरीपेक्षा वाईट समजत. चोराला निदान भूक लागलेली असते, असं आजी म्हणायची. एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात. आमच्याकडे तो खरोखरच वाटला जाई, आणि सातवा कमी पडला तर शेजारून हाक मारून आणत. लहानपणी मला या गोष्टीचा फार अभिमान होता. आता कोणी कौतुकानं असलं काही सांगू लागलं की मी उठून आत जाते.

घर बालाघाट शहरात, वैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, दोघंही धानाच्या गिरणीत कामाला. त्यांच्या बायका म्हणजे माझी आई आणि माझी मोठीमाय. या दोघी जावा, मोठी जेठानी आणि धाकटी देरानी, दुपारभर सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं करताना तोंडाला क्षणाचीही विश्रांती द्यायची नाही. साऱ्या वस्तीची उणीदुणी त्या सुपात पाखडून निघत. जावांचं पटत नाही म्हणतात, पण या दोघी भांडल्याचं मी कधी पाहिलं नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा अगदीच पोर होती. त्याच आजीनं काही चुकलं म्हणून तिला उपाशी ठेवलं की मोठीमाय आपल्या ताटातला अर्धा भात पदराखाली झाकून गोठ्यात नेऊन तिला भरवी. हे आईनं मला इतक्यांदा सांगितलं होतं, की तो भात मीच खाल्ल्यासारखा वाटे.

साठ सालानंतरची गोष्ट. आईला आधी संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, मग खोकला. बिड्या वळणाऱ्या बाईला खोकला येणारच. तंबाखूचा ठसका म्हणून सगळ्यांनी, तिनंसुद्धा, सोडून दिलं. एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते.

डॉक्टर हिंदी बोलणारे, उंच, आवाजानं करडे. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "टीबी है। रोना मत। अब इससे लोग मरते नहीं, दवा आ गई है।" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू घरचाच मुलगा परीक्षेत पहिला आला होता. मग बोट उगारून म्हणाले, "मगर पूरी खाना। साल-डेढ़ साल। अच्छा लगने लगे तब भी।"

सुई दवाखान्यात जाऊन घ्यायची. घरी खायला पांढऱ्या गोळ्या आणि एक अतिशय कडू पूड. आईचं ताट, पाण्याचा गडवा, अंथरूण सगळं वेगळं झालं. टीबी ताटातून नाही, हवेतून लागतो हे आम्हांला कुठं ठाऊक! ताट वेगळं मांडून आम्ही निश्चिंत झालो, आणि दोघी जावा पुन्हा शेजारी शेजारी बसून बिड्या वळू लागल्या.

औषधानं खरोखर चमत्कार केला. ताप उतरला, खोकला थांबला, बसलेली गालफडं भरली. सुया संपल्या. आई हसू लागली, की घरातली भांडीसुद्धा हलकी वाटायची. मला वाटलं, संपलं. माझी आई मला परत मिळाली.

आणि त्याच सुमारास मोठीमाय खोकू लागली.

तिच्या मुलीची, माझ्या ताईची, सोयरीक तेव्हा लांजीला जुळत आली होती. खातंपितं घर, धानाची शेती, मुलगा शिकलेला. घरात टीबी आहे असं कळलं असतं तर ते लोक उंबऱ्यातूनच परतले असते. आईचा आजार आम्ही आधीच झाकून ठेवला होता. दवाखान्यात जाताना ती माहेरी चालली असं सांगायचं. पण आई झाली ताईची काकू. मुलीची सख्खी आईच टीबीची निघाली, तर काय उरणार? मोठीमायनं दवाखान्याचं नावच काढू दिलं नाही.

"तुमी चाला माह्यासंगं," आई म्हणाली. "एक सुई घेतली का बरं वाटते."

"अन् कोनी पाह्यलं तं? लांजीची मानसं रोज मोटरनं येऊन राह्यली बालाघाटले. माह्या पोट्टीचं लगन मोडतं का तू?"

"मंग मरता का?"

"लगन होऊ दे. मंग मरन."

जेवणं झाल्यावर आईनं आपली गोळी काढली, सुपारीच्या अडकित्त्यात धरली, मधोमध कापली आणि अर्धी मोठीमायच्या हातावर ठेवली. मोठीमाय नको नको म्हणत राहिली. आई म्हणाली, "गोठ्यात मले भात देत होत्या, तवा म्या नाही म्हनलं का?"

त्या दिवसापासून रोज तसंच. गोळीही अर्धी, पूडही अर्धी. जेवणानंतर दोघी समोरासमोर बसत, पान लावावं तशी गोळी कापत आणि एकाच गडव्यातल्या पाण्याबरोबर गिळत. पूड खाल्ली की दोघी सारखंच तोंड वाकडं करत आणि एकमेकींच्या तोंडाला हसत. बाप्यांना पत्ता नव्हता. मला ते पाहून फार बरं वाटे. त्या वयात मला त्याहून सुंदर काही दिसलंच नव्हतं.

लग्न झालं. मोठीमायनं खोकला पदरात दाबत पाठवणी केली, आणि आईनं सगळ्यांत मोठ्यानं गाणी म्हटली. पुढच्या काही महिन्यांत मोठीमायचा खोकला हळूहळू निवळला. दोघी म्हणाल्या, पाहा, अर्ध्यातही गुण येतो.

दिवाळी झाली आणि आईला पुन्हा ताप आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की गोळ्या सगळ्या खाल्ल्या का. आई म्हणाली, "हौ साहेब, साऱ्या खाल्ल्या." त्यांनी विश्वास ठेवला आणि तेच औषध पुन्हा सुरू केलं. या वेळी आईनं पूर्ण गोळ्या खाल्ल्या. मोठीमाय समोर बसून खायला लावायची. पण पांढऱ्या गोळ्यांनी काहीच होईना. आई वाळत चालली. अखेर डॉक्टरांनी तिची थुंकी तपासायला बाहेरगावी पाठवली. उत्तर यायला खूप दिवस लागले. आलं तेव्हा त्यांनी आईला बोलावलं. मोठीमाय आणि मी तिला धरून घेऊन गेलो.

डॉक्टर या वेळी करडे नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "ये कीड़े अधूरी मार से मरते नहीं। कमज़ोर मर जाते हैं, जो ज़ोरदार हैं वही बचते हैं, वही बढ़ते हैं। फिर उन पर दवा चलती ही नहीं।" मग थांबून विचारलं, "सच बोलना। दवा किसी के साथ बाँटी थी?"

मोठीमायचा हात माझ्या खांद्यावर होता. ती तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "नाही साहेब. म्या एकटीनंच खाल्ल्या."

आयुष्यात माझी आई एकदाच म्हणाली, की मी एकटीनं खाल्लं. आणि ते खोटं होतं.

घरी आल्यावर मोठीमाय सपरीत बसली आणि कपाळ बडवू लागली. "म्या तुले खाल्लं वं. म्या तुले खाल्लं."

"चूप बसा," आई म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "लांजीले पोट्टीचे दिवस भरत आले आहेत. हे तिच्या कानावर गेलं नाही पाह्यजे. अन् मले एकटीले ते औषध पचलं नसतं, बाई. तुमी समोर खोकत होत्या."

दुसरी औषधं होती. ती नागपूरहून मागवली, पण ती आईच्या अंगाला सोसली नाहीत. फाल्गुनात आई गेली.

मोठीमाय जगली. पुढं कितीतरी वर्षं जगली. कित्येकांचं शरीर आपणच त्या जंतूंना आत घेरून, भिंत घालून कोंडून ठेवतं, असं आता मी पेपरात वाचते. एकाच घरात, एकाच हवेत राहून एकीचं शरीर ही भिंत घालतं आणि दुसरीचं नाही, ते का, याचा शोध अजून चालू आहे म्हणतात. असली बातमी मी सोडत नाही. कदाचित मोठीमाय त्या अर्ध्या गोळीशिवायही बरी झाली असती. हा विचार मनात आला की मला पेपर फाडावासा वाटतो. पण आईनं गोळी कापली तेव्हा हे तिला कोण सांगणार होतं?

तेरवीला, आईच्या तेराव्या दिवशी, लांजीची मंडळी आली. ताईच्या मांडीवर बाळ होतं. जेवणं आटोपली, सगळे अंगणात बसले, आणि मोठीमाय एकाएकी उठून विहिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"माह्या देरानीच्या गोळ्या म्या खाल्ल्या," ती म्हणाली. "मले बी टीबी झाला होता. माह्या पोरीचं लगन मोडू नाही म्हनून म्या लपवला. म्हनून ते मेली. आता तुमाले पोरीले टाकाचं असन तं टाका."

मोठेबाबा तोंडावर हात घेऊन बसले. ताईनं बाळाला घट्ट धरलं.

विहीण नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्या बुढ्याले बी तेच होतं, बाई. लगनाच्या टाइमाले गोंदियाले नेऊन त्याले सुया देत होतो. तुमी पोरगी देनार नाही म्हनून आमी कोनाले सांगतलं नाही."

ताईचे सासरे समोरच बसले होते. अंगानं भरलेले, खणखणीत. ते मान खाली घालून म्हणाले, "म्या पुऱ्या खाल्ल्या."

मोठीमायनं तेव्हा जो हंबरडा फोडला, तो आई गेली त्या दिवशीही फोडला नव्हता. ज्यांना कळू नये म्हणून माझी आई अर्ध्या औषधावर राहिली, त्यांच्याच घरात ते औषध पुरतं खाल्लं जात होतं.