उंबरठ्याच्या लाकडाची खुर्ची

लोक इथं मनाली लिहितात, केरळ लिहितात. मी बालोद लिहिणार आहे. तेही फिरायला नाही, एका खुर्चीच्या लाकडासाठी केलेला प्रवास. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या नातीनं ब्लॉग उघडून दिलाय आणि "आजी, किस्से सांगतेस ते लिही नं," म्हणून मागं लागलीय, तर ऐका.

तेव्हा भिलाईत पोलादाचा कारखाना उभा होत होता. आमचं सेक्टरातलं क्वार्टर इतकं नवं की भिंतीचा चुना अंगाला लागायचा. रशियाहून यंत्रं यायची ती भल्यामोठ्या लाकडी पेट्यांत, आणि त्या पेट्यांच्या फळ्या स्वस्तात मिळायच्या. अख्ख्या सेक्टरचं फर्निचर त्याच फळ्यांचं! कुणाकडंही जा, टेबलावर तीच परदेशी अक्षरं, पाळण्यावर तीच, कोंबड्यांच्या खुराड्यावरही तीच. आमचे हे फिटर, हाताला वळण होतं, म्हणून ह्यांनी त्यातूनच एक खुर्ची केली. खास मामाजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी.

मामाजी भंडाऱ्याकडच्या खेड्यातले. उभा जन्म मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दाराबाहेर उभं राहून बोलण्यात गेला. त्याच्यासमोर खुर्ची सोडा, ओट्यावरही टेकायची सोय नव्हती. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून ह्यांच्या मनात एकच होतं, माझ्या घरात माझा बाप खुर्चीवर बसला पाहिजे.

मामाजी आले. ह्यांनी हौसेनं चार शेजारी चहाला बोलावले. मामाजी धोतर सावरून बसले आणि कडाक्! पेटीचं नरम लाकूड ते, खिळ्यानं जागा सोडली, पाय निखळला, मामाजी जमिनीवर. शेजारी हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. मामाजींनी धोतर झटकलं आणि म्हणाले, "जाऊ दे बाबू. आपल्याले जमीनच बरी." त्यानंतर परत जाईपर्यंत ते चहा दाराजवळ भुईवर बसूनच प्यायले. मला तर रडू कोसळलं होतं. ह्यांनी त्या खुर्चीच्या फळ्या चुलीत घातल्या.

बुद्धपौर्णिमेला मामाजी पुन्हा येणार होते. मी म्हटलं, "आता लाकूड पक्कं आणायचं. बसा रडत, नाहीतर चला."

बाजारामागं बिसाहू नावाचे छत्तीसगढी सुतार बसायचे. त्यांनी सल्ला दिला की सागाच्या नादी लागू नका, सगळे तेच मागतात, भाव चढलाय. बिजा शोधा. पुण्याकडं ज्याला बिबळा म्हणतात तोच. सागाइतकाच टिकतो, किडीला दाद देत नाही. "फेर सुक्खा लाहू," एवढं त्यांनी दोनदा बजावलं. वाळलेलाच आणा.

लाकडाचा डेपो बालोदला, म्हणून दुर्गहून सकाळची बस धरली. रस्ता म्हणजे मुरूम आणि खड्डे, पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसलं नाही तर कपाळमोक्षच. आता तुम्ही जाल तर तासा-दीड तासात पोचाल, आम्हाला ऊन डोक्यावर आलं. गुंडरदेहीला बस थांबली तिथं गरम चिला खाल्ला, तांदळाच्या पिठाचा, सोबत टमाट्याची झणझणीत चटणी. तसा चिला मला भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये आजतागायत मिळालेला नाही. ह्यांनी तीन खाल्ले आणि वर मलाच विचारलं, "तुले भूक नाई का?"

बालोदला आधी जंगलखात्याच्या डेपोत गेलो. बाप्पा! साग, साजा, बिजा, ओंडक्यांचे नुसते डोंगर. पण तिथं लिलाव व्हायचा, तोही अख्ख्या थप्पीचा. आम्हाला हवी एक खुर्ची. पहारेकरी भला माणूस, मराठी कळायचं त्याला. म्हणाला, "एखादा तुकडा ठेकेदाराकडून भेटून जाईल, पण माल कच्चा आहे. वरीसभर सावलीत वाळवा, नाईतर तडकंल."

वरीसभर! मामाजी तर महिन्याभरात येणार. ह्यांनी डोक्याला हात लावला. "चाल वापस. आपल्या नशिबात पेट्याच आहेत."

"कावून वापस? बसचं भाडं दिलं ते चिला खायाले का?" मी म्हटलं आणि ह्यांना ओढत बाजाराकडं नेलं.

बाजाराच्या टोकाला जुन्या लाकडाची वखार होती. तिथं एका पडक्या घराचं सामान आलेलं. वासे विकले गेले होते, दारं विकली गेली होती. कोपऱ्यात एकच जाडजूड, लांबलचक तुकडा धूळ खात पडला होता, मधोमध पायांनी घासून खोलगट झालेला. वखारवाल्यानं चाकूनं त्याचा कपचा काढून माझ्या लोट्यातल्या पाण्यात टाकला. थोड्या वेळानं पाण्यावर निळसर झाक आली. बिजा! पिढ्यान् पिढ्या वाळलेला, ठणठणीत. आणि भाव? जळाऊ लाकडाचा.

"एवढा स्वस्त कावून?" ह्यांना शंका आली.

वखारवाला म्हणाला, "मालगुजाराच्या दारचा उंबरठा आहे, भाऊ. उंबरठ्यावर कोणी बसत नाही, लोक त्याची पूजा करतात. याचा पाट नाही होत, पलंग नाही होत. सुतार हात नाही लावत. नवीन दाराले बसवाव तं एवढं मोठं दार आता कोनाचं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. लहानपणी आईनं उंबरठ्यावर बसले म्हणून पाठीत धपाटे घातलेले मला आठवले. पण ज्या उंबरठ्याच्या आत आमच्या माणसांना कधी घेतलंच नाही, त्याचा मान आम्ही कशाला राखायचा? मनातून भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी घेतला.

तो बसच्या टपावर चढवताना कंडक्टरनं आमचा उद्धार केला. "काय हाथी घेऊन चालले का?" चौघांनी मिळून ढकलला तेव्हा कुठं बस निघाली. जाणाऱ्यांनी तांदुळा नदीवरचं धरण जरूर बघा म्हणे, फार सुरेख आहे. आम्ही ते खिडकीतूनही बघितलं नाही, सगळा जीव टपावर.

भिलाईत बिसाहूंनी लाकडावर टिचकी मारली आणि खूश झाले. मग तो खोलगटपणा दिसला. चेहराच उतरला. "चौखट के लकड़ी म कोनो बइठथे का, बाई?"

ह्यांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी ते एवढ्यावर आले की पाय, पाठ, हात सगळं करतो, पण बैठकीची फळी मी आपल्या मनानं ठोकणार नाही. ज्यांना बसायचंय त्यांनी सांगितलं तर ठोकीन. झालं! पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मामाजी आले, तेव्हा खोलीत बैठक नसलेली खुर्ची उभी, शेजारी भिंतीला टेकलेली फळी, दारात हत्यारं घेऊन बिसाहू, आणि हे मान खाली घालून फळीवरचा भुसा झटकत.

मीच सांगितलं सगळं. मालगुजार म्हटल्यावर मामाजींनी मान वर केली.

"आपल्या गावचा?"

"नाई मामाजी, बालोदकडचा."

"एकच हाय," ते म्हणाले. फळीवरून तळवा फिरवला, घासल्या जागेवर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील जमीनच बरी. म्हणाले, "याच्या भायेर उभा राहून राहून पाय गेले माहे." आणि बिसाहूंकडं वळून, "ठोका."

बिसाहूंनी ठोकली. मामाजी बसले. आधी जपून, मग पुरतं अंग टाकून. एकदा डावीकडं झुकले, एकदा उजवीकडं. चूं नाही, चां नाही. ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता आमचं घर भिलाईतच, जुनवानीला आहे. मामाजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, हेही गेले. टाइल्स आल्या, सोफा आला, सोफ्याची स्प्रिंग गेली, दुसरा आला. खुर्ची तीच आहे, आणि हे सगळं मी तिच्यावरच बसून लिहिलंय. कुणी विचारलं की बालोदहून काय आणलंस, तर मला फळी ठोकली त्या दुपारचा मामाजींचा आवाज आठवतो. शेजारी दारातून डोकावत होते, हसत कुणीच नव्हतं, आणि मी सवयीनं चहाचा कप दाराजवळ भुईवर ठेवायला वाकले होते.

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "तिथं नको. इथं आन."