देसांकाबाई आणि आलुबुखाराचं पुस्तक

देसांकाबाई एकदा मागे लागल्या की माणसानं मुकाट्यानं हो म्हणावं, हे मी स्वानुभवानं सांगते. आमच्या फळबाग कॉलेजच्या त्या ग्रंथपाल. प्राध्यापकांनी आपली पुस्तकं इंटरनेटवर मोकळी करावीत, कुणीही ती वाचावीत, सुधारावीत, आपल्या वर्गात शिकवावीत, हा त्यांचा ध्यास. माझी गणिताची टिपणं मी तिसऱ्या कॉफीलाच देऊन टाकली. बाकीचे मात्र एकच पालुपद लावत, "आधी रातोमिरसाहेब, मग आम्ही."

आणि रातोमिरसाहेब, आमचे सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक, म्हणजे काय विचारता! त्यांचं आलुबुखाराच्या लागवडीचं पुस्तक विकत घेऊन त्यावर त्यांची सही आणल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नसे. सहीसुद्धा पोराच्या नावानिशी, म्हणजे पुढच्या वर्षी धाकट्या भावाला ते चालायचं नाही. सर्बियात ही जुनी रीत. पण साहेबांच्या पेन्शनीला वर्षच उरलं होतं, आणि ते गेले की पुस्तकही जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"फुकट मिळालं तर कोण वाचणार हो, बाई?" आम्ही दोघी विचारायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले.

"आत्ता कोण वाचतंय?" मी पुटपुटले. देसांकाबाईंनी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली.

"साहेब, घराण्याच्या कुलसंताच्या सणाला तुम्ही आमंत्रणं धाडता का हो?" त्यांनी विचारलं.

"छे! त्या दिवशी आमंत्रण कसलं? दार उघडं असतं. ज्याला यायचं तो येतो."

"मग पुस्तकाचंच दार का लावून बसलाय?"

साहेब हळूच म्हणाले, "आणि कुणीच आलं नाही तर?"

अगं बाई! हा माणूस घाबरतोही, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

शेवटी साहेब कबूल झाले, आणि देसांकाबाईंनी महिनाभर खपून पुस्तक इंटरनेटवर चढवलं. सहीची अट गेली. साहेब रोज ग्रंथालयात डोकावत, "आलं का कुणी?"

"येतील हो! पाहुणे काय उजाडताच येतात?"

ऑक्टोबरात मॅसेडोनियातल्या एका शेतकी शाळेच्या बाईंचं पत्र आलं. पुस्तक वर्गात लावलंय, पण पान एकशे त्रेचाळीसवर डोळा भरून कलम करायचं चित्र उलटं छापलंय. मुलांनी चित्र बघून तसंच केलं, एकाचंही कलम धरलं नाही. चित्र सुलटं करून सोबत पाठवते आहे.

देसांकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मेले! आता साहेब पुस्तक परत काढून घेणार, आणि मग बाकीचेही काही देणार नाहीत."

"पत्र दडवा," मी म्हटलं.

"माझ्या ग्रंथालयात काही दडवायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पत्र नेऊन साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. कान लालबुंद झाले. "तीस वर्षं, बाई! हजारो पोरांनी हे पुस्तक घेतलं. एकानं तरी मेल्यानं सांगायचं होतं!"

आम्ही दोघी समोरच उभ्या. साहेबांनी पत्र पुन्हा उचललं, डोळ्यांजवळ धरलं.

"एकशे त्रेचाळीसपर्यंत वाचलं हो हिनं," ते म्हणाले, आणि रडायलाच लागले.